पियानो, वीज आणि हर्बी हँकॉक

१९७३च्या ऑक्टोबरमध्ये हर्बी हँकॉक या अमेरिकन पियानोवादकाचा 'हेड हंटर्स' हा अल्बम बाजारात आला. त्यातली पहिली रचना 'कमेलियन' पंधरा मिनिटांहून जास्त चालते. सुरुवातीला खर्जात एक ठसकेबाज स्वराकृती पुन्हा पुन्हा वाजत राहते. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बेस गिटार. प्रत्यक्षात ती पियानोवादकच वाजवतो आहे, एआरपी ओडिसी नावाच्या सिंथेसायझरवर. काही वेळानं त्याच वाद्यावर त्याचं एकल वादन सुरू होतं आणि पियानोवर कधीच घडू शकत नाही अशी गोष्ट तिथे घडते. सूर जागचा हलतो. तो वर चढताना मध्येच रेंगाळतो, खाली घसरतो, पुन्हा सावरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पट्ट्यांच्या वाद्यावर मींड येते.

पियानोचा जन्म इटलीत १७००च्या सुमाराचा. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते आणि मागे येते. एकदा वाजलेल्या सुराची उंची बदलणं मग वादकाच्या हातात उरत नाही. जॅझच्या पियानोवादकाला ही उणीव पहिल्यापासून सलत होती. ब्लूज गाणारा तिसरा आणि सातवा स्वर अशा ठिकाणी लावतो की ती जागा पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडते. ट्रम्पेटवाला ती ओठांनी गाठतो, गिटारवाला तार ओढून. पियानोवाल्यांनी त्यावर तोड काढली ती शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबण्याची, किंवा एका पट्टीवरून बोट दुसरीवर घसरू देण्याची. मधल्या सुराचा भास होतो, पण तो भासच. 'कमेलियन'मध्ये तो भास खरा झाला, आणि तो खरा करायला वीज लागली.

हँकॉकच्या सगळ्या प्रवासाकडे मी याच वाटेनं पाहत आलो आहे. त्याच्या हाती आलेलं प्रत्येक नवं यंत्र कानाची एखादी जुनी मागणी पुरी करण्यासाठी आलं. यंत्र आधी आणि संगीत मागाहून असं जिथे झालं, तिथे त्याचंही संगीत फिकं पडलं, हेही या पुस्तकात लपवलेलं नाही.

मराठी रसिकाला हा वाद परका वाटायचं कारण नाही. पेटीवर आपल्याकडे हेच आक्षेप घेतले गेले. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, ती परदेशी, ती यंत्र. ऑल इंडिया रेडिओनं १९४०मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. पण त्याच्या कितीतरी आधी मराठी संगीत रंगभूमीनं ऑर्गन आपलासा केला होता. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतानं पेटीला स्वतंत्र मैफलीच्या वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. सुटे सूर एकापुढे एक ठेवून अखंड आसेचा आभास कसा निर्माण करायचा, भात्यातून गळ्याचा श्वास कसा आणायचा, हे त्या वादकांनी वर्षानुवर्षं शोधलं. शिकागोत किंवा न्यूयॉर्कमध्ये पियानोपाशी बसलेल्या माणसाची तगमग याच जातीची होती. म्हणून हा विषय मराठीत लिहिताना आपल्या वाचकाला फार लांबून आणावं लागणार नाही, असा विश्वास मला वाटतो.

जॅझ आणि यंत्र यांचं नातं मुळात फार जुनं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, न्यू ऑर्लिन्समध्ये, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांच्या ब्लूज, रॅगटाइम, चर्चमधली गाणी आणि मिरवणुकींचे बँड यांतून जॅझ आकाराला आला. तो जगभर पोहोचला तो मात्र तबकडीमुळे. उत्स्फूर्त वादन कागदावर उतरत नाही, तबकडीवर उतरतं. प्रत्येक पिढीनं मागच्या पिढीच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या आणि त्यातून आपली तालीम केली. त्याही आधी पियानो रोल होते. कागदाच्या गुंडाळीवर भोकं पाडलेली असत आणि त्यांच्या आधारानं पियानो आपोआप वाजे. ड्यूक एलिंग्टननं तरुणपणी जेम्स पी. जॉन्सनची 'कॅरोलायना शाऊट' ही अवघड रचना अशीच शिकून घेतली. रोल संथ गतीनं चालवायचा आणि आपोआप खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर आपली बोटं ठेवायची. जॅझच्या सर्वश्रेष्ठ रचनाकारांपैकी एकाला यंत्रानं हात धरून शिकवलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'खरा जॅझ यंत्राविना' असं म्हणणाऱ्यांनी ती नीट आठवावी.

जॅझ पियानोचे मुख्य टप्पे नव्या वाचकाला ठाऊक असले की हँकॉक कुठून आला ते कळतं. डाव्या हातानं लांब उड्या मारत ठेका सांभाळणारी स्ट्राइड शैली जॉन्सन आणि फॅट्स वॉलर यांची. अर्ल हाइन्सनं उजव्या हाताला ट्रम्पेटसारखी एकेरी, स्पष्ट ओळ दिली. आर्ट टेटमनं वेगाच्या आणि स्वरसंवादाच्या शक्यता अशा ताणल्या की पुढची कित्येक वर्षं वादक त्याच्या धाकात राहिले. चाळीसच्या दशकात बीबॉप आला. बड पॉवेलच्या विजेसारख्या ओळी आणि थेलोनिअस मंकचे मुद्दाम खडबडीत ठेवलेले सूर ही त्याची दोन टोकं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी बिल एव्हन्सनं कॉर्डना, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांना, धुक्यासारखा पोत दिला. १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू' या माइल्स डेव्हिसच्या अल्बमवर तोच पियानोला होता, एक रचना सोडून. त्या अल्बमपासून भराभर बदलणाऱ्या कॉर्ड कमी झाल्या आणि एकाच स्वरसप्तकात सावकाश बढत करण्याची वाट मोकळी झाली. रागसंगीत ऐकणाऱ्यानं जॅझच्या घरात याच दारानं शिरावं असं मी नेहमी सुचवतो.

दरम्यान स्टुडिओही वाद्य बनत चालला होता. लेनी ट्रिस्टॅनो या अंध पियानोवादकानं १९५५च्या सुमाराला एकावर एक ध्वनिमुद्रणं चढवली, टेपचा वेग बदलला, आणि त्यावरून मोठा गहजब झाला. १९६३मध्ये एव्हन्सनं तीन पदरांत स्वतःशीच संवाद करणारा अल्बम काढला, त्याला ग्रॅमी मिळालं. इकडे विजेचा पियानो येत होता. सन रा यानं १९५६मध्येच तो जॅझमध्ये वाजवला, रे चार्ल्सनं १९५९मध्ये तो घराघरांत नेला. पुढे ज्याला सगळे 'रोड्स' म्हणू लागले तो पियानो हॅरल्ड रोड्स या शिक्षकाच्या प्रयोगांतून आला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना अंथरुणात बसून वाजवता यावं म्हणून त्यानं विमानांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून लहान पियानो बनवले होते. नंतरच्या रोड्समध्ये तारांऐवजी धातूच्या बारीक काड्या असतात. हातोडी काडीवर पडते, काडीचं कंपन शेजारचं पिकअप विजेत बदलतं. हळू वाजवलं तर सूर काचेच्या घंटेसारखा गोल येतो, जोरात वाजवलं तर त्याला करकरीत धार चढते. बोटाच्या वजनाला उत्तर देणारं हे वाद्य होतं, म्हणूनच ते जॅझमध्ये टिकलं.

हर्बी हँकॉक १२ एप्रिल १९४० रोजी शिकागोत जन्मला. सातव्या वर्षी पियानो सुरू केला आणि अकराव्या वर्षी, १९५२मध्ये, शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्टच्या कॉन्चेर्तोतला भाग वाजवला. त्याच मुलाला घड्याळं उघडून आत काय चालतं ते पाहण्याचा नाद होता. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात तो गेला तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हायला. पुढे विषय बदलून संगीताकडे वळला, पण सर्किटचं आकर्षण सुटलं नाही. जॅझ तो तबकडीवरून शिकला. जॉर्ज शिअरिंगच्या वादनातला एकेक सूर ऐकायचा, लिहून काढायचा आणि त्यामागचा नियम शोधायचा. ही पद्धत इंजिनिअरची आहे, आणि तालमीला बसणाऱ्या शिष्याचीही.

ट्रम्पेटवादक डोनल्ड बर्ड यानं त्याला न्यूयॉर्कला नेलं आणि एक व्यवहारी सल्ला दिला: आपल्या रचनांचे प्रकाशनहक्क कुणाला देऊ नकोस. १९६२च्या पहिल्या अल्बमवर 'वॉटरमेलन मॅन' होती. शिकागोच्या गल्लीत कलिंगडवाल्याची गाडी खडखडत जाई, तिच्या चाकांच्या तालातून सुचलेली. मोंगो सांतामारियानं ती आपल्या ढंगात वाजवली आणि ती लोकप्रिय झाली. हक्क हाती असल्यानं हँकॉकला पुढे प्रयोगांची मोकळीक राहिली. कलेच्या इतिहासात असे तपशील फार वेळा गाळले जातात. मी ते गाळलेले नाहीत.

१९६३मध्ये माइल्स डेव्हिसनं त्याला बोलावलं. वेन शॉर्टर, रॉन कार्टर आणि त्या वेळी जेमतेम सतरा वर्षांचा ड्रमवादक टोनी विल्यम्स यांच्यासह पुढे जे पंचक जमलं, ते जॅझच्या इतिहासातल्या सर्वांत धाडसी संचांपैकी एक. युरोपातल्या एका मैफलीचा प्रसंग हँकॉकनं अनेकदा सांगितला आहे आणि आपल्या आत्मचरित्राची सुरुवातही त्याच प्रसंगानं केली आहे. वादन रंगात आलेलं, माइल्सच्या एकल वादनाचा कळस जवळ आलेला, आणि हँकॉकच्या हातून एक साफ चुकीची कॉर्ड पडली. तो हादरला. माइल्स क्षणभर थांबला आणि त्यानं असे काही सूर घेतले की ती कॉर्ड बरोबर ठरली. माइल्सनं ती चूक म्हणून ऐकलीच नव्हती, समोर आलेली एक घटना म्हणून ऐकली होती. हे उमगायला आपल्याला बराच काळ लागला, असं हँकॉक म्हणतो. पुढे सिंथेसायझरच्या खटक्यांतून अनपेक्षित आवाज निघाले तेव्हा ते पुसून न टाकता त्यांना सोबत घेऊन चालण्याची वृत्ती त्याच्यात आली, ती या धड्यातून आली असं मला वाटतं. यंत्राकडे जाण्यापूर्वीच त्याचा कान तयार झालेला होता.

याच काळात त्याच्या स्वतःच्या नावावर 'एम्पिरियन आइल्स' आणि 'मेडन व्हॉयेज' असे अल्बम आले. ते आजही जॅझचा पाया म्हणून शिकवले जातात. १९६८मध्ये एकदा तो ध्वनिमुद्रणाला आला तर नेहमीचा पियानो नव्हता. वाजवायचं कशावर, असं विचारल्यावर माइल्सनं कोपऱ्यातल्या विजेच्या पियानोकडे बोट दाखवलं. खेळणंच वाटावं असं वाद्य. पण पहिली कॉर्ड लावताच त्याचा मऊ, भरलेला नाद त्याला आवडला, आणि हवा तेव्हा त्याचा आवाज ड्रमच्या बरोबरीला नेता येतो हेही लक्षात आलं. पुढच्याच वर्षी 'इन अ सायलेंट वे'वर हँकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल असे तिघे कळफलकांवर एकत्र आले. निर्माता टीओ मसेरोनं टेप कापून सुरुवातीचा भाग शेवटी पुन्हा जोडला. बैठकीत वाजलेलं आणि कात्रीनं रचलेलं, दोन्ही मिळून रचना झाली.

त्यानंतरचा 'म्वांदिशी' संच हे या पुस्तकाचं हृदय आहे, कारण मराठीतच काय, इंग्रजीतही सामान्य वाचकापर्यंत तो फारसा पोहोचलेला नाही. संचातल्या सगळ्यांनी स्वाहिली नावं घेतली होती. १९७१ ते १९७३ या काळात त्यांचे तीन अल्बम आले. दुसऱ्या, 'क्रॉसिंग्ज'च्या वेळी निर्माता डेव्हिड रुबिन्सननं हँकॉकला सॅन फ्रान्सिस्कोत पॅट्रिक ग्लीसनकडे नेलं. ग्लीसन इंग्रजी साहित्य शिकवणं सोडून सिंथेसायझरकडे वळलेला माणूस. मूग सिंथेसायझर जुळवून दे, मी वाजवतो, अशी हँकॉकची अपेक्षा होती. पण ग्लीसननं काढलेले आवाज ऐकून त्यानं त्यालाच वाजवायला सांगितलं, आणि पुढे संचातच घेतलं. शास्त्रशुद्ध जॅझ शिकलेल्या सहा जणांत हा सातवा माणूस तारा आणि खटके सांभाळत बसे. त्या मैफलींत तालाचा धागा सुटतो की काय अशी भीती वाटते, वारे, पाणी, लोखंड यांसारखे आवाज येतात, आणि मग अगदी आतून पुन्हा ठेका उगवतो. तिसरा अल्बम 'सेक्स्टंट' ऐकताना मला आजही वाटतं की इतक्या दूरवर जॅझ त्याआधी गेला नव्हता. पण संच चालवणं परवडेना. १९७३मध्ये तो मोडला.

मग आला 'हेड हंटर्स'. स्लाय स्टोन आणि जेम्स ब्राउन यांच्या फंककडे हँकॉक उघडपणे वळला आणि अल्बम दहा लाखांवर खपला. जॅझमध्ये असं क्वचितच झालं होतं. समीक्षकांनी बाजारूपणाचा ठपका ठेवला. मला तो मान्य नाही. 'कमेलियन'चा पहिला भाग दोन कॉर्डच्या झुल्यावर उभा आहे, आणि त्या दोन कॉर्डमध्ये इतका वेळ रस टिकवायचा तर लयीवर हुकमत लागते. मात्र याच अल्बमवरच्या नव्या 'वॉटरमेलन मॅन'बद्दल एक गंभीर प्रश्न आहे. सुरुवातीला बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकर मारून मध्य आफ्रिकेतल्या बाबेन्झेले लोकांच्या 'हिंडेव्हू' या फुंकवाद्याच्या ढंगाची नक्कल करतो. तो ढंग सिमा आरोम या संशोधकाच्या ध्वनिमुद्रणातून बाहेर पोहोचला होता. संगीत-मानववंशशास्त्रज्ञ स्टीव्हन फेल्डनं पुढे सविस्तर विचारलं: या सगळ्यात त्या मूळ गाणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं? स्वतःचे हक्क जपण्याचा सल्ला ज्याच्या कामी आला त्याच्याच बाबतीत हा प्रश्न उभा राहावा, हे मनाला लागतं. हँकॉकवरच्या प्रेमापोटी मी तो टाळलेला नाही.

१९७४मध्ये जपानात केलेला 'डेडिकेशन' हा अल्बम फार थोड्यांना माहीत आहे. तबकडीच्या एका बाजूला हँकॉक एकटा पियानोवर, दुसऱ्या बाजूला तो एकटाच सिंथेसायझरांच्या गराड्यात. दुसरीकडच्या 'नोबू' या रचनेत यंत्र स्वतः एक धडधडती स्वरमाला चालवत राहतं आणि त्यावर तो रोड्स वाजवतो. पुढे टेक्नो म्हणून ओळखलं गेलेलं संगीत इथे दशकभर आधी ऐकू येतं. १९७८च्या 'सनलाइट'मध्ये तो व्होकोडरमधून गायला. या यंत्रात माणसाचे उच्चार सिंथेसायझरच्या सुरांवर चढतात. ज्याला गळा नाही त्या पियानोवादकाला गाता आलं. त्याच काळात मात्र तो शॉर्टर, कार्टर, विल्यम्स आणि फ्रेडी हबर्ड यांच्याबरोबर विजेविना मैफली करत होता, आणि चिक कोरियासह दोन पियानोंवर जगभर फिरत होता. लोक विचारत, खरा हँकॉक कोणता? त्याला स्वतःला हा प्रश्न कधी पडलेला दिसत नाही.

१९८३ साली दोन गोष्टी घडल्या. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी 'मिडी' ही सामाईक पद्धत आली, आणि हँकॉकचं 'रॉकिट' आलं. बिल लॅझवेल आणि मायकेल बाइनहॉर्न यांनी रचलेल्या ठेक्यावर हँकॉकनं सोपी, लक्षात राहणारी धून ठेवली. ग्रँडमिक्सर डी.एस.टी.नं तबकडी हातानं मागेपुढे घासून तिचंच वाद्य केलं. हा 'स्क्रॅच' पुष्कळांनी इथे पहिल्यांदा ऐकला. व्हिडिओत यंत्रमानव नाचतात आणि हँकॉक दिसतो तो एका टीव्हीच्या पडद्यावर. त्या काळी कृष्णवर्णीय कलावंतांचे व्हिडिओ एमटीव्हीवर क्वचितच दाखवले जात, त्यामुळे ही मांडणी जाणीवपूर्वक केली होती, असं हँकॉकनं नंतर सांगितलं. तंत्रज्ञानाचा इतिहास समाजाच्या इतिहासापासून तोडता येत नाही, तो असा. त्याच वर्षी 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या कार्यक्रमात तो फेअरलाइट हा महागडा संगणक-सिंथेसायझर घेऊन गेला. एका मुलीनं मायक्रोफोनमध्ये आपलं नाव उच्चारलं. हँकॉकनं पट्ट्या दाबल्या तसं ते नाव खर्जात, तारसप्तकात, कॉर्डमध्ये वाजू लागलं आणि मुलं हरखून गेली. त्या चित्रफितीत हँकॉकचा चेहरा पाहावा. मुलांइतकाच आनंद त्यालाही झालेला दिसतो.

विरोधाचा सूरही तितक्याच आदरानं ऐकायला हवा. किथ जॅरेट माइल्सच्या संचात विजेची वाद्यं वाजवून बाहेर पडला आणि मग त्यानं ती कायमची सोडली. बोट, हातोडी, तार, लाकूड या साखळीत जे घडतं त्याला पर्याय नाही, ही त्याची श्रद्धा, आणि तिच्यातून त्यानं अजोड संगीत दिलं. विंटन मार्सालिसनं ऐंशीच्या दशकात परंपरेची बाजू ठामपणे मांडली. गंमत म्हणजे तरुण मार्सालिस १९८१मध्ये हँकॉक, कार्टर आणि विल्यम्स यांच्याच सोबतीनं जगापुढे आला होता. दुसऱ्या बाजूला झाविनुलनं 'वेदर रिपोर्ट' या संचात सिंथेसायझरांतून वाद्यवृंद उभा केला. ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईसनं त्याहून वेगळी वाट काढली. त्याचा 'व्हॉयेजर' हा संगणक-कार्यक्रम माणसाचं वादन ऐकून उत्तर देतो आणि मनात येईल तेव्हा आपणहूनही वाजवतो. आजच्या पिढीतला डॅन टेप्फर खगोलभौतिकी शिकलेला. 'नॅचरल मशीन्स'मध्ये तो खऱ्या पियानोवर वाजवतो आणि त्यानं लिहिलेल्या नियमांनुसार संगणक त्याच पियानोच्या पट्ट्या स्वतः दाबून साथ करतो. पियानो रोलपासून निघालेली वाट इथे पुन्हा पट्ट्यांपाशी येते, पण आता रोल वादकाचं ऐकतो. रॉबर्ट ग्लास्परनं हिप-हॉपचा ठेका ड्रमवादकाच्या हाती परत दिला. या सगळ्यांच्या मागे हँकॉक उभा आहे, काहींच्या मागे गुरू म्हणून, काहींच्या मागे परवानगी म्हणून.

आज हे का वाचायचं? एक ओळ टंकली की संगणक अख्खं गाणं हजर करतो, अशा दिवसांत आपण आहोत. गायक, वादक, संगीतकार धास्तावले आहेत, आणि ती धास्ती खोटी नाही. हँकॉकच्या कारकिर्दीतून भविष्य कळत नाही, पण विचारायचे प्रश्न नेमके होतात. यंत्र वादकाचं ऐकतं का? त्याच्या बोटाला उत्तर देतं का? चूक झाली तर ती पुढे नेण्याची जागा त्यात आहे का? आणि ज्यांच्या आवाजावर ते पोसलं गेलं त्यांचा वाटा कुठे आहे? शेवटचा प्रश्न बाबेन्झेले लोकांपासून सुरू होतो आणि आजच्या प्रत्येक ध्वनिमुद्रित गळ्यापर्यंत येतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'यू-एस थ्री' या गटानं हँकॉकच्या 'कॅन्टलूप आयलंड'चा तुकडा घेऊन नवं गाणं केलं, तेव्हा ब्लू नोट कंपनीनं त्यांना रीतसर मोकळीक दिली होती. कायदेशीर आणि प्रेमळ उसनवारी शक्य असते, याचा तो दाखला.

मुंबईचाही या कथेत खरा भाग आहे. शिकागोत नाव काढलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. गोव्याच्या वादकांनी त्या काळच्या बँडमधून जॅझ आत्मसात केला आणि तो हिंदी चित्रपटसंगीतात आणला. चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट आणि चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, चाली 'अलबेला'त एकत्र आल्या, तो मेळ मराठी माणसाला पाठ आहे, त्यातला जॅझ बहुधा ठाऊक नाही. १९७८पासून मुंबईत 'जॅझ यात्रा' भरू लागली. १९८२मध्ये, 'रॉकिट'च्या वर्षभर आधी, चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलंडची तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही, वीसेक वर्षांनी जगानं ते शोधून काढलं. रागाची मींड त्यांनी सिंथेसायझरवर कशी घेतली आहे, हे हँकॉकच्या ओडिसीशेजारी ठेवून ऐकण्यासारखं आहे. आणि स्वतः हँकॉकच्या २०१०च्या 'द इमॅजिन प्रोजेक्ट'मधल्या एका रचनेचं काम मुंबईत झालं. तिच्यात अनुष्का शंकर यांची सतार, के. एस. चित्रा आणि चाका खान यांचे गळे, आणि वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन आहे.

हे पुस्तक हँकॉकचं चरित्र नव्हे. 'राउंड मिडनाइट'च्या संगीताचं ऑस्कर, जोनी मिचेलच्या गाण्यांवरच्या अल्बमला २००८मध्ये मिळालेलं 'वर्षातला सर्वोत्तम अल्बम' हे ग्रॅमी, युनेस्कोचं काम, हार्वर्डची व्याख्यानं, यांची नोंद आहे, पण ओझरती. घरगुती आयुष्य आणि त्याची बौद्ध साधना यांना जितका संगीताशी संबंध तितकीच जागा आहे. पुस्तकाची रचना वाद्यांभोवती आहे: पियानो, रोड्स, मूग आणि एआरपी, व्होकोडर, फेअरलाइट, आणि पुन्हा पियानो. प्रत्येक वाद्य आत कसं चालतं ते आधी सांगितलं आहे, मग हँकॉकनं त्याच्याकडून काय मागितलं आणि त्याला काय मिळालं ते. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येण्याची गरज नाही. मींड, बढत, ठेका, आस असे आपले शब्द मी मोकळेपणी वापरले आहेत. जिथे ते जॅझला अपुरे पडतात, विशेषतः कॉर्ड आणि स्वरसंवादाबाबत, तिथे थांबून नवं सगळं मुळापासून समजावलं आहे. ऐंशीच्या दशकातले काही अल्बम मला ऐकवत नाहीत, आणि ते तसं का, हेही लिहिलं आहे. वाचकाचं मत वेगळं पडलं तर मला आवडेल.

एक विनंती. वाचण्याआधी 'डेडिकेशन'ची पहिली बाजू ऐका, मग दुसरी. त्यानंतर 'मेडन व्हॉयेज', आणि मग 'सेक्स्टंट'. 'हेड हंटर्स' शेवटी ठेवा, आणि 'कमेलियन'मधलं ओडिसीचं एकल वादन सुरू झालं की आवाज थोडा वाढवा. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.